उजवा जीप, देव, थांब

आमच्या टीमचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण तिघांत वही बाळगणारी मी एकटीच. मिस्त्रींनी मूल गावातलं त्यांचं गॅरेज बंद करायचं ठरवलं, त्या आठवड्यात मला बोलावून घेतलं. चहा समोर ठेवला आणि म्हणाले, "बाई, गाडीचं का होईल ते होईल. पण आपण रेस खेळलो हे कुठी तरी लिवून पायजे. नाईतं लोक म्हणतील, म्हातारा फेकून राह्यला."

मी लगेच हो म्हटलं. मला लिहायला आवडतं म्हणून नाही, विचारायला आवडतं म्हणून. जमीन मोजणीच्या खात्यात माझी आजवरची सगळी नोकरी झाली. दुसऱ्याच्या बांधावर उभं राहून "हा दगड कोणी ठेवला, केव्हा ठेवला, काऊन ठेवला" असं विचारायचाच मला पगार मिळत आला. आई याला नसत्या चौकशा म्हणते.

जुन्या वह्या काढून बसले. पहिल्या हंगामापासून सगळं सुरळीत लिहून झालं आणि शेवटच्या रॅलीशी येऊन अडले. त्या एका दिवसावर आमच्या ड्रायव्हरचं पुढचं सगळं आयुष्य ठरायचं होतं. धावती गाडी त्याने मधेच थांबवली आणि ते हातचं गेलं. चूक त्याची की माझी, हे मी चार वर्षं त्याला विचारलं नव्हतं. सगळ्या जगाला प्रश्न विचारत हिंडणारी मी, पण हा एक प्रश्न घशाशी आला की गिळून टाकायचे.

तर पहिल्यापासून सांगते.

मिस्त्री मूळचे शंकरपटातले. शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. धान घरात आलं की आमच्याकडे गावोगाव पट भरतात. तरुणपणी मिस्त्री धुरकरी होते, म्हणजे छकड्यावर बसून जोडी हाकणारे. पोटासाठी राइस मिलची इंजिनं आणि ट्रॅक्टर दुरुस्त करायचे, पण जीव सगळा पटात. मधली काही वर्षं पट बंद होते, तेव्हा हा माणूस बिघडला. हातात पाना आणि डोळे घड्याळाच्या काट्यावर. त्यांची बायको मला सांगायची, "बैल गेले अन् हे माह्या स्वयंपाकाले टाइम लावून राह्यले, बाई." शेवटी मिलच्या आवारात सडत पडलेली एक जुनी गाडी त्यांनी ट्रॅक्टरला बांधून ओढत आणली. आठशे सीसीची छोटी गाडी. एके काळी दर दुसऱ्या हेडमास्तरच्या दारात उभी असायची, तीच.

मी तिथे पोचले ती मोजणीसाठी. मिल आणि गॅरेज यांच्यामधल्या हद्दीची कुरबुर होती. हद्दीचा दगड शोधत शेडमध्ये शिरले तर समोर ही गाडी. मिलच्या दरवाज्यांना मारतात तो हिरवा ऑइलपेंट तिला फासलेला, आतल्या सीटांवर बारदाना शिवलेला आणि छताखाली लोखंडी नळ्यांचा पिंजरा. मी हद्द विसरले. पिंजरा कशाला? गाडी उलटली तर माणसाचं डोकं वाचावं म्हणून. नळ्या कुठल्या? बोअरच्या. बोअरच्या नळ्या माणसाचं वजन झेलतात का? यावर मिस्त्रींनी पाना उचलला. पुढे एकदा नागपूरच्या शर्यतीला गेलो तेव्हा तपासणी करणाऱ्या साहेबांनी बोटाच्या पेराने नळी वाजवून पाहिली आणि "हे पाण्याचे पाइप आहेत" म्हणून आम्हाला घरी पाठवलं.  मी फक्त मिस्त्रींकडे पाहिलं.

पण त्या पहिल्या दिवशी अर्धा तास माझी सरबत्ती ऐकून ते हसायला लागले. "एवढं इचारता तं बाजूलेच बसा ना, बाई. रॅलीत दोन माणसं लागतेत. एक चालवते, दुसरं वाचते."

काय वाचते, हे विचारल्याशिवाय मी राहणार होते थोडीच. रॅलीत रस्ता बंद करून एकेक गाडी घड्याळावर सोडतात. ड्रायव्हरला पुढचं वळण दिसायच्या आत ते ठाऊक असावं लागतं. म्हणून आदल्या दिवशी दोघं त्या रस्त्याने सावकाश जातात, बाजूचा माणूस वळणं, खड्डे, दगड सगळं टिपून घेतो आणि शर्यतीत ते मोठ्याने वाचत जातो. ड्रायव्हरने त्या आवाजावर विश्वास ठेवून गाडी फेकायची. मला वाटलं, ही तर मोजणीच आहे, फक्त घाईत केलेली.

ड्रायव्हर मीच आणला. त्या वर्षी माझी नेमणूक काही महिन्यांसाठी जिवतीला होती. डोंगरावर जाणाऱ्या सवारीच्या जीपमध्ये मी समोर बसायचे. मागे चौदा माणसं, दोन कोंबड्या, तेंदूपत्त्याची गाठोडी. जीप चालवणारा तिथलाच, डोंगरातल्या गोंड वस्तीतला, तिशीच्या आतला. घरची कोरडवाहू शेती, उन्हाळ्यात मोहफुलं वेचायची आणि उरलेलं वर्षभर जीप, तीसुद्धा दुसऱ्याच्या मालकीची. त्याच्या पुढ्यात काचेला टेकवून चहाचा ग्लास ठेवलेला असायचा. घाटाची सगळी वळणं संपेपर्यंत त्यातला थेंब सांडला नाही, हे मी पहिल्या दिवशी पाहिलं. दुसऱ्या दिवशी मुद्दाम काठोकाठ भरायला लावला. तरी नाही सांडला. तो म्हणाला, "बाई, तुमी मोजाले आल्या का माही परीक्षा घ्याले?"

मी मिस्त्रींना फोन लावला, "तुमचा धुरकरी सापडला."

पहिली शर्यत सावली गावाकडे, धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या छोट्या शेतांमध्ये होती. कोणी हौशी लोकांनी मधले धुरे, म्हणजे बांध, फोडून मातीचा गोल रस्ता केला होता. मिस्त्री आदल्या दिवशी अनवाणी तो पूर्ण रस्ता चालून आले. पटाच्या दाणीवर, म्हणजे बैल पळतात त्या पट्टीवर, त्यांची हीच पद्धत होती. टाचेला माती कुठे दबते, कुठे दबत नाही, ते पाहायचं. इथवर ठीक होतं. पण पटाचा दुसरा नियम असा की, शर्यतीच्या आदल्या दिवशी बैलाला जुपायचं नाही. म्हणून मिस्त्रींनी दिवसभर कोणाला किल्ली लावू दिली नाही. गाडीवर कापड टाकून ठेवलं, "आराम करू द्या तिले." कडाक्याची थंडी होती, बॅटरी जुनी. सकाळी गाडी हूं की चूं करेना. तिघांनी मिळून ढकलत ढकलत तिला सुरुवातीच्या रेघेवर नेलं आणि रेघेवरचा माणूस मोठ्याने म्हणाला, "ही कोणती टीम?" फॉर्मवर टीमच्या नावाच्या जागी मी 'स्वतंत्र' लिहिलं होतं, कारण मागे ना कंपनी होती ना क्लब. त्याने लाउडस्पीकरवरून "स्वतंत्र टीम, मूल" असं पुकारलं तेव्हा मिस्त्रींची छाती फुगलेली मी पाहिली. आम्ही शेवटून दुसरे आलो.

मग शिकत गेलो. नळ्या बदलल्या, बॅटरी बदलली, बैलाच्या आरामाचा नियम फक्त मिस्त्रींच्या मनात उरला. खरी मजा मला यायची ती वहीत. मोठ्या टीमचे लोक वळणांना एकपासून सहापर्यंत आकडे देतात. आमच्या ड्रायव्हरला आकडे जमेनात. "तीन म्हंजे किती, बाई? तिनात अन् चारात का फरक?" मग आम्ही आमची भाषा केली. भरलेली बस वेग न कमी करता घेईल ते वळण 'बस'. त्याहून आवळलेलं ते 'ट्रॅक्टर'. मग 'जीप', मग 'सायकल'. आणि जिथे माणसाने मुळात गाडी आणायला नको होती, ते 'बकरी'. "डावा बस, लांब. उजवा सायकल, आत दगड. डावा बकरी, डावा बकरी!" असं मी हेल्मेटमधल्या माइकवर ओरडायचे आणि तो हूं हूं करत स्टीअरिंग फिरवायचा. नागपूरच्या एका गाडीत वही वाचणाऱ्याने माझी वही उघडून पाहिली आणि म्हणाला, हे काय, जनावरांचा बाजार? त्या दिवशी त्याच्या गाडीपेक्षा आमची गाडी पुढे होती. मी वही बंद केली आणि चहा प्यायला गेले.

सहाव्या हंगामात जिवतीच्या डोंगरावर रॅली ठरली. शेतांमधून, माळावरून, गावांबाहेरून जाणारा मातीचा रस्ता, आणि त्यातला एक टप्पा नेमका त्याच चढणीचा, जिथे आमचा ड्रायव्हर रोज जीप चालवायचा. त्याआधीच्या दोन शर्यती पाहून एक मोठी टीम त्याच्यावर डोळा ठेवून होती. पांढरी टोपी घालणारे त्यांचे साहेब आमच्या गाडीपाशी आले. मिस्त्रींच्या समोरच त्याला म्हणाले, "या रॅलीत तुमच्या गटात पहिला ये. पुढच्या वर्षी तू आमच्या गाडीत. पगारावर."

ड्रायव्हरने मिस्त्रींकडे पाहिलं. तो गेला तर आमची टीम संपली, हे तिघांनाही कळत होतं. मिस्त्री म्हणाले, "पाह्यतोस का? हो म्हन ना. बैल चांगला निघाला तं मोठ्या पटात जाते, त्याले खुट्याले बांधून ठेवत नाई." मला रडू येईल असं वाटलं म्हणून मी टायरची हवा तपासायला वाकले.

आदल्या दिवशी आम्ही पाहणीला निघालो. तो रस्ता मला पाठ, त्याला तर झोपेतही येत असेल, पण नियम म्हणजे नियम. मी वही मांडीवर घेतली. चढणीच्या मध्यावर उजवीकडचं एक वळण आहे, 'जीप' जातीचं. तिथे सागाखाली दगडांची मोठी रास आहे. तो त्यांचा वाटेवरचा देव. येणारा-जाणारा थांबतो, एक दगड किंवा हिरवी डहाळी ठेवतो आणि पुढे जातो. सवारीची जीपही थांबायची. ड्रायव्हर खाली पायथ्याशीच एक डहाळी तोडून काचेपाशी ठेवायचा, चहाच्या ग्लासाशेजारी, म्हणजे तिथे वेळ जायला नको. त्या दिवशीही समोर डहाळी होती. तो थांबला, उतरला, डहाळी ठेवली, त्यांच्या भाषेत दोन शब्द पुटपुटला आणि परत आला. दुसऱ्या फेरीतही तसंच. मी विचारलं होतं त्याला पूर्वीच, नाही थांबलं तर काय होते? तो म्हणाला होता, "काई होत नाई, बाई. देव कोणाले थांबवत नाई. माणूस थांबते."

मी वहीत लिहिलं : उजवा जीप, देव, थांब.

का लिहिलं? सवय. मोजणीला गेलं की जागेवर जे जे दिसतं, विहीर, झाड, देऊळ, समाधी, ते नोंदवायचं. कोणी "राहू द्या" म्हटलं तरी नोंदवायचं. आणि जागेवर लिहिलेलं घरी बसून खोडायचं नाही, हा तर माझ्या खात्यातला पहिला धडा. संध्याकाळी वही पक्की करताना त्या ओळीवर माझा हात थांबला होता. तेव्हा मनात आलं, की शर्यतीत कोण थांबतं, काटावी ही ओळ. पण माझ्या घरात देव नाहीत. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून देव्हारा नाही, नवस नाही, अंगारा नाही. वडील म्हणायचे, काहीही मान्य करण्याआधी विचार. अशा घरातली मी, दुसऱ्याच्या देवावर माझ्या हाताने काट कशी मारू? थांबायचं की नाही ते तो ठरवेल, आपण फक्त वाचायचं. मला तेव्हा हे फार शहाणपणाचं वाटलं. त्यालाच विचारायला हवं होतं. साधा प्रश्न होता. नेमका तोच मी विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही सुटलो तेव्हा त्या गाडीत काय शिरलं होतं कोण जाणे. मिलच्या हिरव्या रंगाचं ते डबडं मी तसं पळताना कधी पाहिलं नव्हतं. तो माझ्या आवाजाच्या पुढे पुढे जात होता. "डावा बस, लांब. उजवा ट्रॅक्टर, आत खड्डा. शंभर सरळ." बाजूच्या शेतात माणसं उभी होती, सगळी त्याच्या ओळखीची, हात हलवत होती. मी पान उलटलं आणि वाचलं.

"उजवा जीप, देव, थांब."

गाडी वळली आणि थांबली. इतकी एकदम की पट्टा माझ्या खांद्यात रुतला. एक क्षण तो तसाच समोर बघत बसला. मग पट्टा सोडला, दार उघडलं, उतरला. आणि तेव्हा मला दिसलं की काचेपाशी डहाळी नाही. तो रस्त्याच्या कडेला धावला, एका झुडपाला हात घातला, ती पटकन तुटेना, पिळून पिळून तोडली, राशीवर ठेवली, धावत आला. त्याने पट्टा बसवला. मी पुढची ओळ वाचली. दुसरं काय करणार होते?

आम्ही दुसरे आलो. पहिल्या गाडीत आणि आमच्यात अकरा सेकंद. थांबण्यात गेले असतील चाळीस-पन्नास.

पांढऱ्या टोपीचे साहेब आले. "गाडीत बिघाड झाला का?"

"नाई, साहेब."

"मग?"

"थांबलो."

साहेब थोडे हसले. वाईट हसले असं नाही, पण हसले, आणि दुसऱ्या गाडीकडे गेले. मिस्त्रींनी विचारलं, "कुठी थांबला?" तो म्हणाला, "देवाजवळ." मिस्त्री म्हणाले, "बरं केलं." मग गाडीच्या मागे जाऊन डिकीला पाठ टेकून खाली बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. मी वही बॅगेत घातली. ती ओळ मी वाचली हे दोघांनाच माहीत होतं, मला आणि त्याला.

टीम त्यानंतर आपोआप विरली. मिस्त्रींचे गुडघे दुखायला लागले, पट पुन्हा सुरू झाले आणि ते खुर्ची टाकून पटच बघायला लागले. गाडीचं इंजिन काढून त्यांनी एका शेतकऱ्याला पाण्याच्या पंपावर बसवून दिलं. सांगाडा शेडमध्ये आहे, आत कोंबड्या अंडी घालतात. ड्रायव्हरला मी त्या वर्षी कितीदा तरी फोन केला. लागायचा नाही, लागला तर उचलायचा नाही. डोंगरावर रेंज नसते, असं मी स्वतःला समजावलं. पुढे कधीतरी तोच बोलायला लागला, ख्यालीखुशालीचं, पाऊसपाण्याचं. दोघंही त्या वळणाला हात लावायचो नाही.

पण ती डहाळी माझ्या डोक्यातून जाईना. त्याला थांबायचं होतं तर डहाळी का नव्हती? रोज असते, पाहणीला होती, त्याच दिवशी नाही? आणि थांबायचं नव्हतं, तर थांबला का? रात्रंदिवस असा खल केला नाही मी, माझी नोकरी आहे, घर आहे. पण हद्दीचा दगड हलवलेला दिसावा आणि कोणी हलवला ते कळू नये, तसं ते टोचत राहायचं.

मिस्त्रींनी इतिहास लिहायला सांगितला आणि मला सबब मिळाली. वही पिशवीत टाकली, चंद्रपूरहून बस धरली आणि डोंगराच्या पायथ्याशी उतरले. जीप उभी होती. आता ती त्याच्या स्वतःच्या मालकीची आहे, आणि कानशिलावर त्याचे दोन-चार केस पिकले आहेत. समोरच्या सीटवर एक म्हातारा बसला होता, त्याला त्याने मागे बसायला सांगितलं. "बसा, बाई. तुमची सीट."

चढण लागली. चहाचा ग्लास होता तिथेच होता. मी म्हटलं, "तुले एक इचारू?"

"इचारू का म्हून कधीपासून इचाराले लागल्या? तुमी तं डायरेक्टच इचारता."

"त्या दिवशी समोर डहाळी नव्हती."

कोणत्या दिवशी, असं त्याने विचारलं नाही. दोन वळणं गेली, एक बस, एक ट्रॅक्टर.

"नव्हती," तो म्हणाला.

"काऊन?"

"थांबाचंच नव्हतं मले."

 मागे कोणीतरी कोणाला तरी धानाच्या बियाण्याबद्दल सांगत होतं.

तो म्हणाला, "आदल्या दिवशी पाहणी झाली, तुमी सारे खाली गेले. मी पायी वर गेलो. देवापाशी बसलो. त्याले म्हनलं, उद्या थांबत नाई, उद्या एक डाव जाऊ दे, मंग जनमभर थांबतो. सांगून आलो. म्हून डहाळी घेतलीच नाई."

"मले काऊन नाई सांगलं?"

"देवाले सांगलं होतं, बाई. तुमाले सांगाचं राह्यलं."

एवढंच होतं ते. चार वर्षं मी ज्याच्याभोवती फिरत होते ते एवढंच. देवाने सोडलं होतं त्याला, आणि मी, जिच्या घरात देव्हारा नाही, तिने त्याला थांबवलं. मला इतकी लाज वाटली की जीपमधून उतरून चालत जावंसं वाटलं.

"मी वाचलं तरी तू थांबाचं नव्हतं ना," मी म्हटलं. 

"कसा नाई थांबू?" तो पहिल्यांदा माझ्याकडे वळून म्हणाला, आणि पुन्हा रस्त्याकडे पाहिलं. "गावच्या पुजाऱ्यानं सांगलं असतं तं नसतो थांबलो. माह्या बापानं सांगलं असतं तरी नसतो थांबलो. पण तुमी! तुमचा तं विश्वासच नाई. विश्वास नसलेली बाई सांगून राह्यली, देव, थांब. मले वाटलं, देवच नाई म्हणून राह्यला. त्यानंच वाचाले लावलं."

"मी वहीत होतं म्हणून वाचलं रे."

"वहीत कोणं लिवलं?"

"मीच. तू थांबला होतास म्हणून लिवलं."

त्याने गिअर बदलला. मग म्हणाला, "राग होता तुमच्यावर. लय राग होता. सहा महिने फोन नाई उचलला."

"मले वाटलं रेंज नाई."

"रेंज होती." आणि तो हसला. मला मात्र हसू आलं नाही. मी म्हटलं, "माझं चुकलं. तुले इचाराले पायजे होतं मी." हे वाक्य मी चार वर्षं तयार करत होते, प्रत्यक्षात फार छोटं निघालं.

"चुकलं," तो म्हणाला. ते पुसून टाकायचा त्याने प्रयत्न केला नाही, आणि त्याचंच मला बरं वाटलं. थोड्या वेळाने म्हणाला, "मिस्त्रीले नका सांगू. त्याले वाटते मी आपल्या मनानं देवासाठी थांबलो. वाटू द्या त्याले."

पिशवीतली वही मी काढली नाही. मिस्त्रींसाठी लिहिलेल्या इतिहासात तो रकाना रिकामाच राहील, आणि मिस्त्रींना ती रॅली त्यांच्या मनात आहे तशीच वाचून दाखवीन. मी आयुष्यात पहिल्यांदा एखादी नोंद मुद्दाम सोडणार होते आणि त्याचं मला काहीच वाटत नव्हतं.

चढण अर्धी झाली होती. डावीकडे लांब वळण गेलं, मग उजवीकडे ते खड्ड्याचं, मग सरळ रस्ता. पुढे साग दिसायला लागला. गाडी त्याच वेगात होती आणि मला कळलं की तो वाट बघतोय. मी घसा साफ केला आणि मागच्या बियाणेवाल्यालासुद्धा ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं, "उजवा जीप, देव, थांब."

त्याने ब्रेक लावला. डहाळी समोरच होती.